डब्याला कान, लेकाला तोंड

प्रिय ताई,

मी ३८ वर्षांचा आहे. पुण्यातल्या एका कंपनीसाठी नाशिकला इंदिरानगरच्या घरातूनच प्रोग्रॅमिंग करतो. घरात आई-बाबा, बायको आणि सात वर्षांची मुलगी. गेल्या वर्षी बहिणीने आईला वाढदिवसाला बोलणारा स्पीकर दिला, तेव्हापासून घरात मी एकटा पडलोय. आई त्यावर अभंग ऐकते, कुकरचा टायमर लावते, बीपीच्या गोळीची आठवण करून घेते. बाबा नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेत. ते रोज सकाळी त्याला ‘आज पाऊस आहे का’ विचारतात आणि मग खिडकी उघडून बघतात. मुलगी त्याला ‘ए, गप’ म्हणते. आई बाल्कनीतून शेजारच्या काकूंना हाक मारते तेव्हा हा मध्येच जागा होतो, कारण दोघांची नावं कानाला जवळजवळ सारखी.

आमच्या धंद्यात आत काय चालतं ते मला माहीत आहे, म्हणून मी या वस्तूला हात लावत नाही. पेपरात टेक्नॉलॉजीची बातमी आली की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. फ्रिजला इंटरनेट आलं, तर मी म्हणालो, ‘अपडेट यायच्या आत दूध तापवून घ्या.’ दाराचं कुलूप मोबाइलवर उघडतं, तर म्हणालो, ‘सर्व्हर बसला की ओट्यावर झोपायचं.’ ऑफिसच्या ग्रुपवर लोक यावर लोळतात, घरात कोणी हसत नाही. बायको म्हणते, तू कारल्याचा वेल झालायस.

गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता डबा आपोआप काहीतरी बोलला. मी उठलो आणि रागाने त्याचा पलंग काढून टाकला. सकाळी आईची गोळी राहिली, दुपारी तिला गरगरलं. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. माझं काय चुकलं? उद्या हीच मंडळी फसली की मलाच विचारायला येणार.

— कडू, इंदिरानगर

*

कडू,

तुला अहो-जाहो करत नाही. माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे, तुझ्याच धंद्यात आहे आणि त्याचंही तोंड असंच आहे.

आधी आईचं. गोळी चुकली आणि गरगरलं हे डॉक्टरांच्या कानावर घातलं का? नसेल तर हे वाचून झाल्यावर पहिलं ते कर. रात्री दोनला डबा बंद केलास त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, दोन वाजता आपोआप बोलणारं काहीही मीही बंद करीन. पण सकाळी सातला ‘आई, डबा बंद आहे, गोळी घे’ एवढं म्हणायला तुला किती वेळ लागला असता? तुमच्याकडे कोणी चालता सर्व्हर न सांगता बंद केला तर काय होतं, ते मी माझ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, ‘आई, त्यावरून माणसं घरी जातात.’ तू तर घरीच आहेस, त्यामुळे तुझ्यावर कारवाई बाबांनी केली.

आता एक तुझ्या बाजूचं. गोळीची आठवण एकट्या त्या डब्यावर टाकायला नकोच होती, आणि हे त्या घरात तुझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीत, अमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या सर्व्हरांमध्ये पत्त्यांच्या नोंदीची गडबड झाली आणि निम्मं इंटरनेट आडवं झालं. त्यात त्यांच्या स्पीकरमधली अलेक्साही मुकी झाली. लावलेले गजर वाजले नाहीत म्हणून लोक उशिरा उठले. त्या दिवशी तुमच्या ग्रुपवर विनोदांचा पाऊस पडला असणार. त्यातला एक विनोद बाजूला ठेवून आईसाठी औषधाच्या दुकानातून सोम-मंगळ लिहिलेली गोळ्यांची डबी आणली असतीस, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. अजूनही आण. डबीत मंगळवारचा कप्पा भरलेला दिसला की कोणालाही कळतं, त्याला इंटरनेट लागत नाही.

मी १९७९ साली ट्रंक एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागले. कुठल्या गावच्या ते सांगत नाही, पुढचं वाचून कोणीतरी अजूनही भांडायला येईल. तेव्हा बाहेरगावी बोलायचं म्हणजे कॉल बुक करायचा, ऑर्डिनरी, अर्जंट नाहीतर लाइटनिंग, आणि फोनशेजारी खुर्ची टाकून वाट बघायची. लाइन लागली की तीन-तीन मिनिटांचा हिशोब. लाइन नीट चालली आहे का हे बघायला आम्हाला मध्येच कान लावावा लागे, आणि कान लावला की ऐकू येणारच. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाच्या द्राक्षांना मुंबईत काय भाव लागला, कोणत्या भावाने कोणत्या भावाला कोर्टात खेचायचं ठरवलं, सगळं गावाच्या आधी आम्हाला कळायचं. आम्ही काही साध्वी नव्हतो. एखादा कॉल रंगला की शेजारच्या बोर्डावरची मैत्रीणही मान वाकडी करायची.

पण लोकांना हे माहीत होतं. त्यामुळे मोजकं आणि मोघम बोलायचे, ‘ते काम झालं’, ‘त्या गृहस्थांनी हो म्हटलंय’. माझ्या सासूबाई तर बोलणं सुरू करायच्या आधी ठणकावून म्हणायच्या, ‘ऑपरेटर बाई, नमस्कार!’ एवढ्या एका नमस्काराने माझ्यासारखीचा कान आपोआप मागे यायचा.

तुझ्या आईला हा नमस्कार घालायची संधीच मिळालेली नाही. पलीकडे कोणी बाई बसलेली असू शकते हे तिला कोणी सांगितलेलं नाही. एप्रिल २०१९ मध्ये ब्लूमबर्गने बातमी दिली होती, आठवत असेल तुला. बोस्टन, कोस्टा रिका, रुमानिया आणि आपल्या भारतातसुद्धा माणसं बसून अलेक्साच्या रेकॉर्डिंगचे तुकडे ऐकतात, लिहून काढतात आणि यंत्राचं कुठे चुकलं ते त्याला शिकवतात. त्याच जुलैत बेल्जियमच्या व्हीआरटी वाहिनीने गुगलचंही तसंच बाहेर काढलं. हजाराहून जास्त तुकडे त्यांच्या हाती लागले आणि त्यातले १५३ असे निघाले की कोणी हाक मारलीच नव्हती. लोक हादरले. मी चहा घेत होते, मला वाटलं, बसल्या आमच्या मुली परत बोर्डावर.

ही बातमी आली तेव्हा तू काय म्हणालास ते मला माहीत नाही, पण काहीतरी झणझणीत म्हणाला असशील याबद्दल शंका नाही. आणि ते झणझणीत ग्रुपवर गेलं. आईला त्यातलं काय कळलं?

तुम्ही लोक कडू का होता हे मला समजतं. रसवंतीच्या मागची बाजू पाहिलेला माणूस ग्लास हातात घेताना दोनदा विचार करतो. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने चिडून आपला अकरा ओळींचा कोड ‘एनपीएम’ या प्रोग्रॅमरांच्या सामायिक भांडारातून काढून घेतला आणि त्यावर विसंबलेल्या जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्यांची कामं अडली. त्या अकरा ओळी करत काय होत्या, तर शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरत होत्या. मुलाने मला हे सांगितलं तेव्हा मी त्याला तीनदा विचारलं, एवढंच? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक बंद पडले आणि आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. इमारतीचा कोणता खांब पोकळ आहे हे ज्याला आतून दिसतं, तो दाराच्या कुलपावर हसणारच. ओट्यावर झोपायचा विनोद मला आवडला. मी तो आमच्या भिशीत सांगितला, तुझं नाव न घेता.

फक्त एक होतं. विनोद केला की काम केल्यासारखं वाटतं. घरात त्या डब्याच्या सेटिंग कुठे असतात ते कळणारा एकटा तू, आणि नेमका तूच ‘मी हात लावत नाही’ म्हणून अभिमानाने सांगतोस. हे म्हणजे वैद्याने स्वतःच्या घरात कोणाची नाडी बघायची नाही आणि बाहेर ओसरीवर बसून रोगांवर कोट्या करायच्या.

शिवाय तुझ्या बोलण्यात सगळ्याच बातम्या सारख्याच भयंकर असतात, म्हणून घरच्यांना कुठलीच भयंकर वाटत नाही. तू नाशिकचा आहेस, तुला पुराचं सांगायला नको. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे बातम्यांत सांगतात, पण त्यावरून कोणाला काही कळत नाही. आपण विचारतो, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला म्हटलं की भाजीवाली निवांत असते, कमरेला म्हटलं की टोपल्या उचलते, छातीला म्हटलं की भांडीबाजारातली दुकानं माल वर चढवायला लागतात. तू घरात रोज नुसता ‘पूर, पूर’ ओरडतोस. मारुतीच्या कुठपर्यंत आलंय ते सांग की.

माझ्यापुरतं मी सांगते, चुकलं तर सुधार.

लेझरची गोष्ट घोट्यालाही नाही. २०१९ साली मिशिगन विद्यापीठातल्या आणि टोकियोतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की स्पीकरच्या माइकवर लेझरचा झोत टाकून त्याला गुपचूप हुकूम देता येतो, ११० मीटरवरूनसुद्धा. फार सुंदर शोध. पण समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर दुर्बीण लावून तुझ्या आईच्या कुकरचा टायमर बंद करायला कोण येणार आहे? डबा खिडकीपासून आत सरकव आणि ही भीती सोडून दे.

गुडघ्याला म्हणजे गमतीजमती. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत डॅलसच्या एका सहा वर्षांच्या मुलीने अलेक्साशी बोलता बोलता बाहुलीघर मागवलं. सॅन डिएगोच्या वाहिनीवर निवेदकाने ते वाक्य हौसेने म्हणून दाखवलं, तर बघणाऱ्यांच्या घरचे डबेही बाहुलीघर मागवायला निघाले. त्याच एप्रिलमध्ये बर्गर किंगने पंधरा सेकंदांची जाहिरातच अशी केली की टीव्हीवरचा माणूस लोकांच्या घरातल्या गुगल होमला हाक मारून बर्गरची माहिती विचारतो. मार्च २०१८ मध्ये काही घरांत अलेक्सा कारण नसताना हसायला लागली. रात्रीचं हसणं ऐकून माझी तर दातखीळ बसली असती, पण नुकसान काय? यात खिसा सांभाळायचा. आवाजावरून होणारी खरेदी बंद कर, नाहीतर पिन लाव. तुमच्या घरात सात वर्षांची मुलगी आहे, तेव्हा हे आजच.

कमरेला आलं ते मे २०१८ मध्ये. ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या एका नवरा-बायकोचं घरातलं बोलणं अलेक्साने रेकॉर्ड करून नवऱ्याच्याच हाताखालच्या माणसाला पाठवून दिलं. विषय काय, तर लाकडी फरशी! कंपनीने सांगितलं की यंत्राला आधी कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं, मग ‘मेसेज पाठव’ असं ऐकू आलं, मग नाव ऐकू आलं, मग होकार ऐकू आला. चार वेळा चुकीचं ऐकलं आणि चारही वेळा खात्रीने. तुझ्या आईच्या बाल्कनीतल्या हाकेची गोष्ट याच जातीची आहे. हाकेचं नाव पडेपर्यंत आवाज डब्यातच तपासला जातो, आणि नाव पडलं असं त्याला वाटलं की पुढचं सगळं कंपनीच्या सर्व्हरवर जातं. ‘वाटलं’ या शब्दात सगळी गोम. काकूंचं नाव काही बदलता यायचं नाही, डब्याचं बघ. काहींना दुसरं नाव ठेवायची सोय असते. मेसेज आणि कॉलची सोय आई वापरत नसेल तर तीही बंद कर.

छातीला म्हणावं असं पाणी मला दोन ठिकाणी दिसतं. एक म्हणजे मुलांचे आवाज. २०२३ साली अमेरिकेत अमेझॉनने अडीच कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, कारण लहान मुलांची रेकॉर्डिंग ठेवून घेतल्याचा आणि आई-वडिलांनी पुसायला सांगूनही नीट न पुसल्याचा ठपका होता. दुसरं म्हणजे नियम मागाहून बदलतात. अमेरिकेत काही मोजक्या मॉडेलवर आवाज बाहेर न पाठवता घरातच ठेवायची सोय होती. ती २८ मार्च २०२५ पासून काढून घेतली. म्हणजे ज्यांनी विचार करून, सेटिंग वाचून ती वस्तू घेतली होती, त्यांचीही बाजू राहिली नाही. इथे तुझा कडवटपणा मला पूर्ण मान्य आहे. इथे बोल, हवं तेवढं बोल, पण आईला समजेल असं.

कसं, ते सांगते. येत्या रविवारी सगळ्यांना मिसळ खायला घेऊन जा. पोट भरलेलं असलं की माणसं ऐकतात. घरी आल्यावर मोबाइलवर त्या डब्याचं ॲप उघड. आजवरच्या हाकांची यादी त्यात असते, तारीख, वेळ, यंत्राला काय ऐकू आलं ते, आणि ठेवलेला असेल तर आवाजही. तो मोठ्याने लाव. भाषण नको. ‘अगं, हे तर मी काकूंना म्हणत होते!’ हे आईने स्वतः म्हणायला हवं. रात्री दोन वाजताचं काय होतं तेही बहुधा तिथेच सापडेल, बघ तरी. मग जुनं सगळं तिच्याच हाताने पुसायला लाव आणि पुढचं आपोआप पुसलं जाईल अशी सोय असेल तर ती चालू कर. माइक बंद करायचं बटण दाखव. पाहुणे आले, पैशांचं बोलणं निघालं, डॉक्टरांचा फोन आला की ते दाबायचं. बटण दाबल्यावर दिवा कुठल्या रंगाचा होतो ते तिला एकदा दाखवलंस की पुरे, बायका गॅसची ज्योत बघून सिलिंडर ओळखतात.

बाबांपुढे ‘प्रायव्हसी’ आणि ‘डेटा’ हे शब्द काढूही नकोस. त्यांचा जन्म अशा कारखान्यात गेला जिथे कागदाचा प्रत्येक ताव मोजला जातो आणि फाटकातून बाहेर पडताना झडती होते. त्यांना एवढंच विचार, ‘बाबा, या डब्यातून काय बाहेर जातं त्याची झडती कोण घेतं?’ पुढचं ते बघतील. महिन्याभरात वही घालून तारीखवार नोंद ठेवायला लागले नाहीत तर मला कळव. आणि हा प्रश्न विचारायच्या निमित्ताने तुमचं बोलणंही सुरू होईल. माफी वगैरे मागायची असेल तर त्याच दिवशी मागून टाक, मिसळीच्या आधी.

मुलीचं मला फारसं अवघड वाटत नाही. ती ‘ए, गप’ म्हणते म्हणून बायको काळजीत असेल, मला त्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की तिला ते यंत्र कसं ऐकतं ते कळावं. तिच्याबरोबर खेळ म्हणून त्याला फसवून बघ. नाव अर्धवट घ्या, गाण्यात घ्या, तोंडावर हात ठेवून घ्या, कधी जागं होतं आणि कधी नाही ते लिहून काढा. तिचे आवाज तेवढे त्याच रात्री पुसून टाक.

आता गळ्यापर्यंतचं, आणि ते डब्यात नाही. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दिवसभर तू घरात असतोस, कानाला हेडफोन. सून कामावर, नात शाळेत, बाबा फिरायला. अकरा ते पाच तुझ्या आईशी घरात कोण बोलतं?

एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम नावाचे प्राध्यापक होते. १९६६ साली त्यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. टाइप केलेल्या वाक्यालाच थोडं फिरवून तो प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. त्यांच्या सेक्रेटरीने तो तयार होताना महिनोन्‌महिने पाहिला होता. तरी एकदा त्याच्याशी बोलायला बसल्यावर ती वायझेनबॉमना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का? हे सांगून आईला भोळी ठरवायचं नाही मला. त्या सेक्रेटरीला यंत्र कळत नव्हतं असं नाही. तिला कोणीतरी ‘मग पुढे काय झालं’ असं विचारत होतं.

तेव्हा दुपारी चहाला हेडफोन काढ. फ्रिजचा विनोद आईला सांग, पण तिच्या बाजूने सांग, अपडेट, सर्व्हर असे शब्द न घालता. हसली तर ग्रुपवरच्या हसण्यापेक्षा ते बरं वाटतं, अनुभवाने सांगते. आणि मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथे दोघांना घेऊन जा. तासभर एक माणूस बोलतो आणि मध्येच त्याला कोणी ‘स्टॉप’ म्हणू शकत नाही, हा अनुभव नातीलाही दे.

आता जाता जाता. तू लिहिलंस, रागाने त्याचा पलंग काढून टाकला. मी बराच वेळ विचार करत बसले की एवढ्याशा डब्याला पलंग कशाला हवा. तुझ्या आईने हौसेने केला असेल, वर झालर वगैरे लावून, असंही मनात आलं. मग लक्षात आलं की अख्ख्या पत्रात एकही पूर्णविराम नव्हता (इथे दिसतात ते मी घातलेत, पलंग मात्र तसाच ठेवलाय), आणि ‘प्लग’चा ‘पलंग’ हाताने टाइप करताना होत नाही. फोनला बोलून लिहिलंस ना रे?